टोटल लॉस गाडीची चौकशी

आमच्या ह्यांनी मोबाईल माझ्या नाकापुढे धरला आणि म्हणाले, "बघ." फोटोत पांढरी गाडी होती. चांगली चकचकीत. आणि भाव असा की मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "चोरीची आहे का?" ते चिडले. मी चांगल्या गोष्टीतही खोट काढते, असं त्यांचं लग्नापासूनचं म्हणणं आहे. मी म्हटलं, "बाजारात वांगं घेताना मी चार वेळा फिरवून बघते. तुम्हालाही तसंच बघून घेतलं होतं, विसरलात काय?"

गाडी मात्र हवी होती, आणि ती माझ्यापायीच हवी होती. आम्ही राहतो वणीला. हे कोर्टात बाबू, चालत जातात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, शाळा मारेगावच्या पुढे, आतल्या एका गावात. रोज स्कूटर. त्या रस्त्याला कोळशाच्या ट्रकांची रांग असते. ते ट्रकवाले आपल्याला बघतात की नाही, देव जाणे. गेल्या पोळ्याच्या सुमारास एकानं मला अशी हूल दिली की मी स्कूटरसकट बाजूच्या मुरमात. ट्रकचं मागचं चाक माझ्या डब्याच्या पिशवीवरून गेलं. डब्याचा पार चपटा पत्रा झाला. मी उठले, साडी झटकली, ट्रकवाल्याला जाता जाता जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या आणि शाळेत जाऊन परिपाठ घेतला. पण संध्याकाळी घरी तो डबा ह्यांनी बघितला. तेव्हापासून रोज सकाळी एकच वाक्य, "पोचली की फोन कर," आणि फोन जाईपर्यंत ह्यांचा जीव टांगणीला.

नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून ही जुनी. चंद्रपूर रोडवर एक जण जुन्या गाड्या विकतो, त्याच्याकडे उभी होती. आम्ही जाऊन बघितली, चालवून बघितली. हे तर पहिल्या वळणावरच तिच्या प्रेमात पडले. मी आपली दरवाजे उघडझाप करून बघत होते. डावीकडचा पुढचा दरवाजा लागताना बाकीच्यांपेक्षा वेगळा वाजला. तेवढं मला पुरलं. माझा मावसभाऊ विम्याचं काम करतो, त्याला गाडीचा नंबर पाठवला. दुपारीच त्याचा फोन. "ताई, काहून घेऊन राह्यली ही गाडी? टोटल लॉस आहे हे."

टोटल लॉस म्हणजे काय, ते त्याच्याकडून तेव्हा कळलं. गाडीचा अपघात इतका मोठा की दुरुस्त करण्यापेक्षा सोडून दिलेली परवडते. विमा कंपनी मालकाला पैसे देते आणि गाडीवर काट मारते. मग तो सांगाडा कोणीतरी भंगाराच्या भावात उचलतो, नागपूरला कुठल्या तरी गॅरेजात महिनोन्महिने ठोकून-ठाकून उभा करतो, रंग देतो आणि तुमच्या-आमच्यासारख्याच्या गळ्यात मारतो. गाडी विकणाऱ्याला मी तोंडावर विचारलं. त्याला काही लाज वगैरे वाटली नाही. "मॅडम, टोटल लॉस ही कागदावरची गोष्ट हो. डेंटिंग-पेंटिंगचा खर्च जास्त निघाला म्हणून कंपनीनं हात वर केले."

"कोणी गेलं का त्या अपघातात?"

"छे छे! मालक ठणठणीत आहे. गाडी अजून त्याच्याच नावावर आहे. तुमचं नक्की झालं की त्याच्या मोबाईलवर ओटीपी जाईल, तो सांगेल, झालं नावावर."

आरसीवर मालकाचं नाव होतं आणि गावही. गाव माझ्या शाळेच्या दोन गावं पुढचं. मी म्हटलं, मालकालाच विचारू. आपल्या गाडीला काय झालं होतं ते त्याच्यापेक्षा कोणाला जास्त माहीत असणार? हे नको म्हणाले. "लोकांच्या घरी जाऊन काय विचारायचं? तुमची गाडी किती फुटली होती?"

"हो, हेच विचारायचं. त्यात लाजायचं काय? मुलगी देताना आपण चौकशी करत नाही का?"

हे सगळं माझं डोकं, हे आधीच सांगून ठेवते. ह्यांचा त्यात काही दोष नाही.

आखाडातला रविवार होता. ह्यांच्या मोटरसायकलवर गेलो. गावात शिरल्यावर पानठेल्यावरच्या माणसाला नाव विचारलं, तर तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा थांबला आणि म्हणाला, "ज्याइच्या घरी ते झालं ते का?" काय झालं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. मी आपली "हो हो, तेच," म्हणून मोकळी. त्यानं हातानं घर दाखवलं.

साधं स्लॅबचं घर, दारात निंबाचं झाड, बाजूला ट्रॉली. दार उघडंच होतं. समोरच्या भिंतीवर एका बाईचा मोठा फोटो, चंदनाचा हार घातलेला. तरुण बाई, फार तर माझ्याएवढी. कपाळावर मोठी टिकली. आम्ही उंबऱ्यातच थबकलो. मला एका क्षणात सगळं समजलं, आणि ह्यांनाही. पण ह्यांना सवय अशी की कुठेही हार घातलेला फोटो दिसला की हात जोडायचे. मग तो कोणाच्याही बापाचा असो. त्यांनी चपला काढल्या, पुढे झाले आणि फोटोला हात जोडले.

आतून एक म्हातारी बाई आली. तिनं ह्यांचे जोडलेले हात पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

आमच्याकडे मयताच्या घरी कोणी आलं तर "या" म्हणत नाहीत, आणि कशाला आलात असंही कोणी विचारत नाही. आलेल्यानं बसायचं. ज्याला उशिरा कळतं तो उशिरा येतो, वर्षानंही येतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. सतरंजी आली. एक माणूस मागच्या दारानं येऊन ह्यांच्या शेजारी बसला, चाळिशीच्या आतबाहेरचा, दाढी वाढलेली. तो म्हणजे मालक. खरोखरच ठणठणीत होता. मला म्हातारीनं हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, बायकांची बसायची जागा तिथं होती.

तेव्हा बोलायचं होतं. "आजी, आमची चूक झाली, आम्ही वेगळ्याच कामाला आलो होतो." इतकं सोपं वाक्य. मी शाळेत साहेबांसमोर तोंड वाजवणारी बाई, अख्ख्या तालुक्यात माझी जीभ प्रसिद्ध आहे. पण ती म्हातारी माझा हात सोडत नव्हती, आणि ज्याचं माणूस गेलं त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू की तुमची सून ज्या गाडीत गेली ती आम्हाला स्वस्तात मिळते आहे, तेवढी जरा माहिती द्या?

"माह्या सुनेले वयखत होत्या का बाई तुमी?" तिनं विचारलं.

ओळखत होते की नाही, ते कळू न देता मी "अं" केलं.

"अंगनवाडीतल्या का?"

सून अंगणवाडी सेविका होती, हे मला तिच्याच तोंडून कळलं. मी म्हटलं, "मी शाळेत आहे. पंचायत समितीत प्रशिक्षण असतं ना आमचं, तिथं भेट झाली होती." आमची आणि अंगणवाडीच्या बायकांची प्रशिक्षणं कधी कधी सोबत होतात, त्यामुळे खोटं अगदी खऱ्यासारखं बसलं. मला वाटलं, सुटले. एकदाचा चहा होईल, उठू.

"काय बोले ते?"

आता काय सांगायचं? जिला कधी पाहिलं नाही ती काय बोलायची? सासरी नांदणारी, नोकरी करणारी कुठलीही बाई दुसरीला जे सांगते ते मी सांगून टाकलं. "तुमचंच सांगायची. म्हणायची, माझ्या सासूबाई घर सांभाळतात म्हणून माझी नोकरी चालते. त्या आहेत म्हणून मी बाहेर पडू शकते."

म्हातारीचं रडणं थांबलं.

"असं म्हणे ते? माहं नाव घेऊन?"

"हो."

"माय वो," ती म्हणाली. मग हळू आवाजात सांगायला लागली. "आमी दोघी बोलत नोयतो, बाई. नोकरीवरून झालं होतं. मी चार बायाइत म्हणली होती, इचे पाय घरात टिकत नाहीत, पोट्ट्याइले भाकर मी टाकू न पगार हे आणन. तिच्या कानावर गेलं. तवापासून बोलली नाही माह्यासंगं. दीड वर्स झालं, हरभऱ्याच्या दिवसाइत गेली, पुरते चार महिने झाले होते अबोल्याले. मले वाटे, मनात धरूनच गेली." आणि मग ती पुन्हा रडली, पण ते रडणं आधीचं नव्हतं. तिनं माझा हात आपल्या कपाळाला लावला. मला वाटलं धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

निघायच्या आधी तिनं स्वतःहून सांगितलं, "गाडीच दगाबाज निघाली, बाई. ब्रेक नाही लागले म्हणे. माह्या पोरानं लय दाबले, नाही लागले. गेली पुलाच्या कठड्यावर. ते बाजूले बसली होती, तिकूनच मार बसला." म्हणजे जे विचारायला आलो होतो तेही, न विचारता, मला मिळालं. बिनदुधाचा चहा घशाखाली उतरवला. असं घर सोडताना "येते" म्हणत नाहीत, म्हणून नुसतीच उठले. बाहेर ह्यांनी मालकाशी कपाशीच्या पेरणी-डोबणीच्या आणि पावसाच्या गप्पा मारल्या होत्या, शिवाय मालकानं मागितला म्हणून माझा मोबाईल नंबरही देऊन टाकला होता.

परतताना मोटरसायकलवर आमचं जुंपलं. हे म्हणत होते, तू आत काय बोलली? मी म्हणत होते, तुम्हाला हात जोडायची एवढी काय घाई होती? मारेगाव आलं तेव्हा मी सगळं सांगितलं. ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि उतरून उभे राहिले. "तू मेलेल्या बाईच्या तोंडी वाक्यं घातली?"

"मग काय सांगायचं होतं? की ती तुमच्याबद्दल काही बोललीच नाही?"

"तू तिला ओळखतच नाही, हे सांगायचं होतं."

ते बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला.

आता कोणालाही वाटेल की त्यानंतर आम्ही गाडीचा विषय सोडला असेल. नाही सोडला. खरं सांगते, चार दिवस मन खात होतं, पाचव्या दिवशी पुन्हा ट्रकांमधून स्कूटर काढताना माझंच मन म्हणायला लागलं, चूक ती चूक आणि गाडी ती गाडी. ती बाई गेली, आपण गाडी नाही घेतली म्हणून ती परत येणार आहे का? आपण नाही घेतली तर दुसरा घेईल, आणि तो फोटोला हात जोडायलाही जाणार नाही. ब्रेकचं मी ह्यांना सांगितलंच होतं. हे पुन्हा जाऊन चालवून आले, म्हणाले, "ब्रेक तर पाय ठेवला की लागतात. नवे टाकले असतील." मी म्हटलं, "टाकले असतील." इतक्या पटकन म्हटलं की मलाच माझा राग आला.

त्या रविवारी मी पुन्हा गाडी बघायला गेले. ह्या खेपेला डाव्या सीटवर बसले. पट्टा लावला. सीट अगदी माझ्या मापाची होती, पाय बरोबर पोचत होते, पाठ बरोबर टेकत होती, काही मागेपुढे करावं लागलं नाही. मी स्वतःला बजावलं, अगं, दुरुस्तीवाल्यांनी सतरा वेळा हलवली असेल ती सीट, तुझं आपलं काहीतरीच. पण मला तिथं बसवेना. माझ्या मनात एकच येत होतं, ही बाई इथं बसून अबोला धरून निघाली होती, आणि मी तिचा अबोला परस्पर मोडून आले. विकणारा बाहेरून विचारत होता, "एसी लावू का मॅडम?" मी त्याला उगाचच खेकसले आणि उतरले. घरी येऊन ह्यांना म्हटलं, आणखी विचार करू. हे म्हणाले, "किती विचार करशील? गाडी तुझ्यासाठी घेतो आहे, माझ्यासाठी नाही."

विचार करण्यातच दोन महिने गेले, आणि मग तो फोन आला. शाळेत पोरांना खिचडी वाढणं चालू होतं. नंबर अनोळखी. पलीकडून म्हातारी मोठ्यानं बोलत होती, फोनवर विश्वास नसल्यासारखी. पित्रं लागली होती. सून सवाशीण गेलेली, म्हणून तिचं नवमीला करायचं. वर्षाच्या आत करत नाहीत, त्यामुळे ह्या साली पहिल्यांदाच. आमच्याकडे अशा बाईच्या नावानं एका सवाशिणीला बोलावतात, तिला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. ती जेवली की गेलेली बाई जेवली असं धरायचं.

"तूच ये, माय," म्हातारी म्हणाली. "गावातल्या लय आहेत. पण तिनं तुह्यापाशी मन मोकळं केलं. तू जेवशीन तर मले समजन की ते जेवली."

"आजी, मला तुमच्याशी थोडं बोलायचं आहे," मी म्हटलं. खरंच म्हटलं. सांगायचं ठरवून म्हटलं.

"बोलजो ना, आली की बोलजो. तुले वड्याइसंगं कढी आवडते का, का वरण करू?"

मी म्हटलं, "कढी."

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, गाडी घ्यायची नाही. त्या घरी मी सवाशीण म्हणून जेवायला जाणार आणि तीच गाडी आमच्या दारात उभी राहणार, हे मला झेपणार नाही. कारण विचाराल तर ब्रेक. कोणालाही पटेल असं कारण आहे ते. ह्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "तुझ्या एका खोटेपणापायी तू त्या ट्रकांतून स्कूटर हाकणार. आणि मी रोज तुझ्या फोनची वाट बघत बसणार." मला ते सहन झालं नाही, म्हणून मी भांडी जोरात घासायला घेतली.

नवमीला अर्धी रजा टाकून गेले. घरात पाच-सहा बायका जमल्या होत्या. मी आत पाय ठेवला तशी म्हातारी म्हणाली, "हेच ते बाई." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "तिनं का म्हणलं होतं वो? सांगा बरं आम्हालेबी." आणि मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा चांगलं सांगितलं. शिकवायची सवय असल्यामुळे मला गोष्ट रंगवता येते, त्याची त्या दिवशी मला किळस आली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एक जण दुसरीला म्हणाली, "पाह्यलं? आपुन उगाचच म्हणत होतो सासू-सुनेचं पटत नाही."

मला पाटावर बसवलं. म्हातारीनं परात आणली आणि माझे पाय परातीत घेतले. मी पाय मागे ओढले. "नको आजी, तुम्ही मोठ्या आहात."

"आज तू ते आहे," ती म्हणाली. "ठेव पाय."

तिनं माझे पाय धुतले. पायाच्या बोटांमधली धूळसुद्धा, कोळशाची काळी धूळ, तिनं अंगठ्यानं चोळून काढली. मग पदरानं पुसले आणि डोकं टेकवलं. मी वर छताकडे बघत बसले. दुसरं काही करता आलं असतं तर केलं असतं. पानात कढी, वडे, कोहळ्याची भाजी, तांदळाची खीर. म्हातारी समोर बसून वाढत होती, आणि मी प्रत्येक घास घेतला की तिच्या तोंडावर समाधान दिसत होतं. मी भरपूर जेवले. तेवढंच माझ्या हातात होतं. हिरवी साडी, बांगड्या, ओटीत नारळ. "बोलायचं होतं म्हणे तुले?" ओटी भरता भरता तिनं विचारलं. मी म्हटलं, "काही नाही आजी. खीर फार चांगली झाली, एवढंच."

स्कूटर मी गावाबाहेर झाडाखाली लावली होती, कारण घरापर्यंत चिखल होता. मालक मला तिथपर्यंत सोडायला आला. नारळाची पिशवी त्याच्या हातात. स्कूटरपाशी आल्यावर म्हणाला, "गाडी नाही घेतली का, मॅडम?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. "कोणती गाडी?" असं मी म्हणून बघितलं, पण ते मलाच ऐकवलं नाही.

"त्या गाडीवाल्याचा फोन आल्ता मले. तुमी आल्ते त्याच्या आदल्या दिवशी. वणीच्या मास्तरीनबाई न कोर्टातले साहेब पाहून राह्यले म्हणे, ओटीपीचा फोन येईन. तुमी दारात आल्या तवाच मी वयखलं."

"मग बोलला का नाहीत? हाकलून द्यायचं होतं आम्हाला!"

"साहेबानं फोटोले हात जोडले. मंग मी काय बोलू?" तो म्हणाला. "अन् ते प्रशिक्षन-बिशिक्षन सारं खोटं, हेबी समजलं मले. पन माय त्या दिवशी जेवली, मॅडम. लय दिवसानं पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी पोट्ट्याइले घेऊन देवळात गेली. तिले काई सांगू नका तुमी. दरसाल या लागन तुमाले, नवमीले. येसान ना?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार? मला वाटलं तेवढंच आहे, सुटले. पण तो पिशवी देईना.

"काहून नाही घेतली गाडी?"

"ब्रेकचं ऐकलं म्हणून," मी म्हटलं. "आजींनीच सांगितलं, ब्रेक लागले नाहीत."

एक ट्रॅक्टर गेला, त्यावरच्या माणसानं त्याला हात केला, त्यानंही केला.

"ब्रेक चांगले होते," तो म्हणाला. "गाडीत काईच खोट नोयती, मॅडम. रातची लाईन होती, शेतातल्या मोटरीले वीज रातीच भेटे, रातभर हरभऱ्याले पानी देलं न सकायी तिले घेऊन निघालो. डोळा लागला माहा." मग पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली, नीट अडकली का ते पाहिलं. "मायले ब्रेकचंच माहीत हाये. पोट्ट्याइलेबी. हे पह्यल्यांदा कोणाले सांगितलं मी. तुमी सांगनार नाही, मले माहीत हाये."

तो माझ्यावर विश्वास ठेवून हे बोलला नव्हता. मी कोणाला काही सांगू शकत नाही, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून बोलला. आणि मला त्याचा राग आला नाही. मी त्याला म्हणाले, "घरी जा दादा, आजी वाट बघत असतील."

घरी पोचले तर हे दारातच. फोन करायचा राहिला होता. हिरवी साडी, बांगड्या बघितल्या आणि पाणी आणून दिलं. थोड्या वेळानं स्वतःहूनच बोलले, माझी समजूत घालायला, "जाऊ दे. बरं झालं नाही घेतली. ब्रेक दगा देणारी गाडी, तुला त्यात बसवून मी काय जिवाला घोर लावून घेणार होतो?"

मी म्हटलं, "हो ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली. ह्यांनी नेहमीसारखं सांगितलं, पोचली की फोन कर.